मोटर तीच, बिल कमी: माझा अनुभव

विजेचं बिल फुगलं की पहिला संशय पाण्याच्या मोटरवर जातो. मीही नवी मोटर घ्यायच्या बेतात होतो, पण आधी मोजमाप केलं. पाइपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवला, भरायला लागणारे सेकंद मोजले, आणि तासाभरात मीटर किती पळतं ते लिहून ठेवलं. एका युनिटला किती पाणी मिळतं, हा आकडा हाती आला. फारच कमी होता.

फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या बुडालेल्या टोकाची झडप) वर काढला तर जाळी शेवाळानं गच्च. ती घासली. खरा फरक पडला तो पाइपात. तेवढंच पाणी दोन इंचीऐवजी अडीच इंची पाइपातून नेलं, तर घर्षण साधारण एक तृतीयांशावर येतं. मग लाइन बदलली, काटकोनी एल्बोंच्या जागी लांब बेंड टाकले.

गंमत म्हणजे अँपिअर किंचित वाढले! घाबरू नका, पाणी जास्त येतं म्हणून मोटर जास्त करंट ओढते, पण भरणं लवकर उरकतं. हिशोब युनिटमागच्या पाण्याचाच धरा. सोलरचा विचार त्यानंतर. गरज घटली की पॅनलही कमी लागतात.