गाण्याच्या खोलीसाठी घरगुती अकूस्टिक पॅनल: या चुका टाळा

बाबांचा षड्ज काळी एकचा, म्हणजे त्यांचा ‘सा’ पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत ते खुर्चीवर बसून गायला लागले की रेकॉर्डिंगमध्ये तो षड्ज एवढा फुगायचा की बाकीचे स्वर त्याच्या मागे लपायचे. मी आधी माइक बदलला. मग इक्वलायझरवर १४० हर्ट्झच्या आसपास कट मारून पाहिला, म्हणजे तेवढाच पट्टा कमी केला, तर मंद्रातला भरदारपणाही गेला. दोष खोलीचा होता. दहा बाय दहाची खोली, वर बारा फुटांवर दगडी पटियांचं छत, खाली फरशी, भिंतींना जुना चुन्याचा गिलावा. पुढे पॅनल, म्हणजे आवाज शोषणारं सामान भरलेल्या लाकडी चौकटी, बनवायला घेतली, आधी घरासाठी, नंतर ओळखीच्या गाणाऱ्यांसाठी. त्यात ज्या चुका मी केल्या आणि इतरांना करताना पाहिल्या, त्या इथे लिहितोय.

पातळ फोम, अंड्यांचे ट्रे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती स्वस्त वाटते. काळी एकचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा. हवेत त्याची एक लाट जवळजवळ अडीच मीटर लांब असते. तिच्यापुढे एक इंच फोम म्हणजे काहीच नाही. फोम शोषतो ते ‘स’, ‘श’ची धार, तंबोऱ्याच्या जवारीचा झंकार, म्हणजे नेमकं जे आपल्याला हवं असतं ते. खालचा घुमारा जागेवरच राहतो. मग गाणं एकाच वेळी कोंदट आणि घुमणारं ऐकू येतं, आणि माणूस आणखी फोम आणून चिकटवतो. अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी. तो नुसता पातळ कागदी लगदा आहे. शिवाय दोन्ही पटकन पेट घेतात, आणि पॅकिंगच्या फोमचा धूर विषारी असतो. बंद खोलीत वायरी आणि अडॅप्टर यांच्याशेजारी असं काही लावू नका.

जाडी आणि मागची पोकळी

माझं मत पक्कं आहे: दोन इंची आठ पॅनल करण्यापेक्षा चार इंची चार करा. घनमीटरला ४८ ते ६४ किलो घनतेच्या रॉकवूलच्या (दगडापासून काढलेल्या तंतूंच्या लोकरीच्या) दोन इंची दोन स्लॅब एकावर एक ठेवल्या की काम होतं. जास्त घनता म्हणजे जास्त शोषण, असं दुकानदार सांगतात. जाड पॅनलमध्ये ते खरं नाही. फार घट्ट लोकरीत खालच्या स्वरांची लाट आत शिरतच नाही, पृष्ठभागावरूनच परतते.

पॅनल भिंतीला चिकटवणं ही पुढची चूक. भिंतीला लागून हवेचे कण हलूच शकत नाहीत, आणि तंतूंमध्ये घर्षण होतं ते कण हलतात तिथे. लाटेच्या पाव लांबीवर ही हालचाल सगळ्यात जास्त असते. १३८ हर्ट्झसाठी हे अंतर बासष्ट सेंटीमीटर. एवढं कोणी सोडू शकत नाही, पण पॅनलमागे चार इंच पोकळी सोडली तर तेच सामान आणखी खालच्या स्वरांपर्यंत पोचतं. एक पैसाही जास्त लागत नाही. म्हणूनच चौकटीला मागून प्लायवूड ठोकू नका. सुताराला ते मजबुतीसाठी हवं असतं, पण त्याने पोकळी निकामी होते. मागे सुतळी आडवी-उभी ताणून बांधली की स्लॅब सरकत नाही.

चौकट आधी आणि स्लॅब नंतर, असंही करू नका. स्लॅबची मापं ठिकाणोठिकाणी वेगळी मिळतात. माल घरी आणा, मोजा, मग चौकट आतून अर्धा सेंटीमीटर कमी ठेवा, म्हणजे स्लॅब दाबून बसते.

कापड आणि तंतू

कापड घेताना तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडच्या हाताला हवा लागली तर घ्या. मांजरपाट उत्तम. रेक्झिन, फ्लेक्स, पडद्याचं अस्तर लावलेलं कापड नको. फेविकॉल फक्त लाकडावर. समोरच्या कापडावर पसरला तर विणीची भोकं बुजतात.

रॉकवूलचे तंतू घसा आणि डोळे खाजवतात, आणि इथे बसणारा माणूस खोल श्वास घेऊन गाणारा आहे. गच्चीवर, एन-९५ मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कापा. स्लॅब आधी न विणलेल्या कापडात, ज्याच्या बाजाराच्या पिशव्या येतात त्यात, सगळीकडून गुंडाळा आणि मग मांजरपाट चढवा. उघडी स्लॅब ‘दोन दिवसांसाठी’ म्हणूनही खोलीत उभी ठेवू नका. रजईच्या जुन्या कापसाची पॅनलं मी ऐकली आहेत, आवाज चांगला शोषतात. पण कापूस पेटतो, आणि पावसाळ्यात ओल धरतो.

पॅनल कुठे?

बहुतेक जण माइकच्या मागे, गाणाऱ्याच्या तोंडासमोर पॅनल लावतात. कार्डिओइड, म्हणजे एका बाजूने ऐकणाऱ्या, माइकला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. त्याला ऐकू येतो समोरचा गाणारा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून पहिली दोन पॅनल पाठीमागे. पुढचं डोक्यावर, कारण उंच दगडी छत आणि फरशी यांच्यामध्ये आवाज टप्पे खात राहतो. आमच्याकडे पटिया लोखंडी गर्डरवर आहेत, त्यालाच तारेने टांगलं. चुन्याच्या गिलाव्यात ड्रिल मारू नका. गिलावा ढासळतो आणि फिशर, म्हणजे स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा गुल्ला, पकडत नाही. भिंतीसाठी पायांवर उभ्या चौकटी करा. एका पॅनलचं नुसतं रॉकवूलच चार-पाच किलो भरतं, तेव्हा पाय रुंद ठेवा.

आता षड्जाचं कोडं. समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांमध्ये काही ठरावीक स्वर जास्त घुमतात, ते अनुनाद. बारा फूट उंचीच्या खोलीत उभ्या दिशेचा (फरशी ते छत) तिसरा अनुनाद साधारण १४१ हर्ट्झवर येतो, म्हणजे बाबांच्या षड्जाला अगदी खेटून. या अनुनादाचा दाब जमिनीपासून चार फुटांवर सगळ्यात जास्त असतो, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचं तोंड तिथेच येतं. खाली गादीवर बसलं की तोंड अडीच फुटांवर, आणि तिथे तो दाब निम्म्याहून कमी. पॅनल बनवण्याआधी गाणाऱ्याला आणि माइकला एक-दोन फूट हलवून पाहा, ते याचसाठी. तुमच्या खोलीचा हिशेब सोपा आहे: ३४३ला (आवाजाचा सेकंदाला मीटरमधला वेग) समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या, किंवा फरशी आणि छतामधल्या, मीटरमधल्या अंतराच्या दुपटीने भागा, मग त्या उत्तराची दुप्पट आणि तिप्पट करा. यातला एखादा आकडा गाणाऱ्याच्या षड्जावर किंवा पंचमावर पडतो का ते बघा.

खोली मारून टाकणं

१८९५च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री सभागृहात नेऊन घुमार, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, मोजला, आणि त्यातून त्याचं सूत्र निघालं. त्या सूत्राने आमच्या रिकाम्या खोलीचा घुमार ढोबळमानाने तीन सेकंद येतो. सहा चौरस मीटरच्या आसपास शोषक पृष्ठभाग आला की पाऊण सेकंदापेक्षा खाली. सतरंजी, गादी आणि माणसं मिळून आणखी उतरतो. इथे थांबा. मी थांबलो नव्हतो. चारी भिंती झाकल्यावर बाबा दहा मिनिटांत दमले. स्वतःचा आवाज परत येत नाही म्हटल्यावर गाणारा नकळत जोर लावतो, आणि तान घशातून यायला लागते. समोरच्या भिंतीवरची दोन पॅनल काढली, तेव्हा ते सैलावले.

बाहेरचा टेम्पोचा आवाज पॅनलने थांबत नाही. त्यासाठी वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखाली रबरी पट्टी लावा, पंखा बंद ठेवा आणि पहाटे रेकॉर्ड करा.

टाळी वाजवून खोली तपासू नका. टाळीत मुख्यतः वरचे स्वर असतात. मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने, ‘आ’कारात लावून रेकॉर्ड करा. माइकचं अंतर आणि गेन (रेकॉर्डिंगची पातळी) तेच ठेवून प्रत्येक पॅनलनंतर पुन्हा करा. कुठला स्वर अजून फुगतोय ते हेडफोनवर लगेच कळतं. बाबांच्या गुडघ्यांना गादीवर वीस मिनिटंच झेपतं, म्हणून आम्ही विलंबित आधी, गादीवर रेकॉर्ड करतो, आणि द्रुत नंतर खुर्चीवर.