जिवाणूंची रोगकारक प्रथिनं आणि कॉम्प्युटर: नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं खरं, थोडं कडू

शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट हवा असतो, वेट लॅबमध्ये (प्रत्यक्ष प्रयोगांच्या लॅबमध्ये) जागा नसते, केमिकल्सना पैसे नसतात. मग गाईड म्हणतात, "एखाद्या रोगजंतूची व्हिरुलन्स प्रोटीन्स (रोगकारक प्रथिनं) घे आणि कॉम्प्युटरवर काहीतरी कर." त्या 'काहीतरी'त माझी उमेदीची वर्षं गेली आणि अजूनही चाललीच आहेत. ब्लास्ट (सारख्या क्रमांचा शोध) कसं चालवायचं, फास्टा फाइल (क्रम साठवायची साधी फाइल) कशी दिसते, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

जिवाणू एकच निवडा आणि त्याला चिकटून राहा. पाच रोगजंतूंची तुलना करणारा प्रोजेक्ट सारांशात छान दिसतो, पण शेवटी पाचही वरवरचेच राहतात. मी क्षयाचा जिवाणू घेतला. त्याच्या एच३७आरव्ही या प्रमाण वाणाचा पूर्ण जीनोम १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख बेस, चार हजारांच्या आसपास जनुकं. इतकी वर्षं जगभरच्या लोकांनी पिंजून काढलाय म्हणजे त्यातली प्रत्येक नोंद पक्की असणार, असं मलाही वाटायचं. तसं नसतं.

आता जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळ्यात जास्त रक्त इथेच आटलं. यजमानाच्या पेशीशी भिडायचं तर प्रथिनाला जिवाणूच्या बाहेर पडावं लागतं, म्हणून आपण सगळे आधी सिग्नलपी हे सॉफ्टवेअर चालवतो. ते प्रथिनाच्या अगदी सुरुवातीला 'सिग्नल पेप्टाइड', म्हणजे बाहेर जायची चिठ्ठी असलेला तुकडा, आहे का ते पाहतं: एक-दोन धनभारित अमिनो आम्लं, मग पाण्यापासून दूर पळणारा पट्टा, मग कापायची जागा. सगळा खेळ सुरुवातीच्या तीसेक अमिनो आम्लांत. आता जनुक सुरू कुठून होतं हेच डेटाबेसमध्ये चुकलं असेल तर? समजा, नोंदलेली सुरुवात खऱ्या सुरुवातीच्या पंचवीस अमिनो आम्लं आधी आहे. खरं सिग्नल पेप्टाइड आत ढकललं जातं, सिग्नलपी 'नाही' म्हणून मोकळं होतं, आणि ट्रान्समेम्ब्रेन भाग शोधणारं सॉफ्टवेअर त्याच पट्ट्याला पटलात रुतलेला भाग ठरवतं. दोन सॉफ्टवेअरचं एकमत झालं म्हणून आपण खूश! नोंद उलट बाजूला चुकली, म्हणजे सुरुवात फार पुढे धरली गेली, तर सिग्नल पेप्टाइड फाइलमध्ये उरतच नाही. माझ्या यादीतून एक चांगलं प्रथिन असंच गळालं, आणि ते कळलं तेव्हा अर्धा प्रबंध लिहून झाला होता.

क्षयाच्या जिवाणूत हे जास्त होतं, त्याला कारण आहे. त्याच्या डीएनएत जी आणि सी मिळून ६५ टक्क्यांहून थोडे जास्त. स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन जिथे संपतं त्या तीन अक्षरी खुणा, तिन्ही ए आणि टी जास्त असलेले: टीएए, टीएजी, टीजीए. त्यामुळे स्टॉप विरळ पडतात, वाचन-चौकट (स्टॉप न लागता वाचता येणारा पट्टा) लांबच लांब जाते आणि खऱ्या सुरुवातीच्या आधीही स्टार्ट वाटावेत असे कोडॉन सापडत राहतात. त्यात इथे स्टार्ट फक्त एटीजी नसतो. साधारण एक तृतीयांश जनुकं जीटीजीपासून सुरू होतात, काही टीटीजीपासून. (स्वतःच्या पायथन कोडने भाषांतर केलंत तर जीटीजीवाल्या जनुकाचं पहिलं अक्षर व्ही (व्हॅलिन) येईल. प्रत्यक्षात तिथे मेथिओनिनच बसतं, घाबरू नका.) "स्टार्टच्या जरा आधी रायबोझोम (प्रथिन बनवणारं यंत्र) बसायची खूण असते, ती शोध की," असं सीनियर सांगतील. पण या जिवाणूत सुमारे पाव संदेशवाही आरएनए थेट स्टार्ट कोडॉनपासूनच सुरू होतात. त्यांच्यात स्टार्टच्या आधी खुणेला जागाच नसते.

मग करायचं काय? तेच जनुक क्षयाच्या जिवाणूच्या भाऊबंदांत, म्हणजे एम. (मायकोबॅक्टेरियम) मॅरिनम, एम. लेप्री, एम. स्मेग्मॅटिस यांच्यात शोधा आणि एकाखाली एक लावून बघा. साम्य जिथून सुरू होतं, खरी सुरुवात बहुतेक तिथेच आसपास असते. एम. बोव्हिस घेऊन उपयोग नाही. ते इतकं जवळचं आहे की सगळं जुळणारच, आणि नोंदही बऱ्याचदा तीच उचललेली असते. शंका राहिली तर डीएनए पाहा. खऱ्या प्रथिनाच्या भागात बदल जास्त करून कोडॉनच्या तिसऱ्या जागी पडतात, त्याच्या आधीच्या भागात ते कसेही विखुरलेले दिसतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीत (वजनावरून प्रथिनाचे तुकडे ओळखायच्या तंत्रात) त्या प्रथिनाचं सुरुवातीचं पेप्टाइड कुणाला मिळालंय का, हेही शोधा. मग सुरुवात बदलून सिग्नलपी पुन्हा चालवा. चार हजार प्रथिनांसाठी हे जमणार नाही. निवडलेल्या वीस-पंचवीससाठी जमतं, आणि तेवढं पुरतं.

आणि सिग्नलपीचं खरंखुरं 'नाही' म्हणजेही 'बाहेर जात नाही' असं नव्हे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही या जिवाणूची बहुधा सर्वात गाजलेली बाहेर पडणारी प्रथिनं, शंभरेक अमिनो आम्लांची, आणि दोघांनाही सिग्नल पेप्टाइड नाही. ती ईएसएक्स-१ या सातव्या प्रकारच्या (टाइप सेव्हन) स्रावयंत्रणेतून जोडीने बाहेर पडतात. बीसीजी लशीच्या जिवाणूत ही जनुकं असलेला आरडी१ तुकडाच गेलेला आहे, म्हणून लस घेतलेला माणूस आणि संसर्ग झालेला माणूस यांच्यात फरक करायला ही प्रथिनं उपयोगी पडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सी-टीबी ही त्वचेची चाचणी याच दोघांवर उभी आहे. तुमच्या पाइपलाइनने (एकामागोमाग लावलेल्या सॉफ्टवेअरच्या साखळीने) ही दोन प्रथिनं गाळली, तर पाइपलाइन दुरुस्त करा.

आता थोडं कडू. मल्टी-एपिटोप लशीच्या पेपरांची एक ठरलेली पाककृती आहे: प्रथिनं घ्या, एपिटोप (प्रतिकारशक्ती ओळखते ते तुकडे) काढा, लिंकरने (मधल्या छोट्या दुव्यांनी) जोडा, डॉकिंग करा (दोन रेणू एकमेकांत कसे बसतात ते कॉम्प्युटरवर बघा), रंगीत चित्र लावा. महिन्याभरात पेपर तयार. करू नका, असं मी म्हणणार नाही; नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते हे मलाही कळतं. पण आठवड्याभराच्या सर्टिफिकेट कोर्सवर हजारो रुपये घालण्याआधी लिनक्सची कमांड लाइन शिका. फुकट आहे, आणि जन्मभर पुरते.

मशीन लर्निंग करणाऱ्यांना एवढंच: ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये सख्खी भावंडं, म्हणजे जवळजवळ सारखी प्रथिनं, वाटून ठेवू नका. सीडी-हिट या सॉफ्टवेअरने आधी सारख्या प्रथिनांचे गट पाडा, मग अख्खा गट एकाच बाजूला टाका. ९८ टक्के अचूकता आली की पेढे वाटायच्या आधी हे तपासा.

कोडिंग येत नाही म्हणून मागे हटू नका. माझ्या ओळखीतली या विषयातली सर्वात तल्लख मुलगी मायक्रोबायोलॉजीची आहे, पायथन तिने नंतर उचललं. जीवशास्त्र आतून कळलेल्या माणसाला कोड शिकवता येतो, उलटं फार अवघड जातं. गाईड निवडतानाही नाव बघू नका, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि एकच विचारा: मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत यायचा?

व्हायवात बाहेरचे परीक्षक विचारणारच, "हे प्रयोगाने सिद्ध केलंय का?" सरळ 'नाही' म्हणा आणि लगेच प्रयोग सांगा: या प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागाला ई. कोलाय जिवाणूचं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जोडून एम. स्मेग्मॅटिसमध्ये घालता येईल. ते एन्झाइम पेशीद्रवाच्या बाहेर पडलं तरच काम करतं, आणि बीसीआयपी (हे एन्झाइम तोडतं तेव्हा निळा रंग देणारं रसायन) घातलेल्या प्लेटवर वसाहती निळ्या होतात. दोन्ही सुरुवाती, नोंदलेली आणि तुम्ही सुचवलेली, शेजारी शेजारी लावायच्या, असंही सांगा. पुढचे प्रश्न मग त्या प्लेटवर येतात.