खिल्लार दावणीची वही कशी मांडावी

आटपाडी, जत, माण या दुष्काळी पट्ट्यात घरच्या खिल्लार जातीच्या गाई-बैलांच्या दावणीचा इतिहास बहुधा जुन्या माणसांच्या तोंडीच असतो, आणि ती माणसे गेली की समोरची गाय कोणाची नात हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांना गोठ्यात नेऊन एकेका जनावरासमोर विचारावे: आई कोणती, वळू कोणाचा, खरसुंडीच्या बाजारातून आणले की दावणीलाच जन्मले? साल आठवत नसेल, तर १९७२ च्या दुष्काळाच्या किंवा २०१२-१३ च्या चारा छावण्यांच्या आगेमागे, असे विचारल्यास आठवण जाग्यावर येते.

वही गायींच्या वंशाने मांडावी, कारण खोंड विकले जातात आणि दावण टिकते ती कालवडींवर. प्रत्येक गायीच्या पानावर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि माजाची तारीख वेळेसह लिहावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाय वळूकडून भरवावी. ती उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते, आणि गाभण राहिली तर नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब धरावा. वासराला तासाभरात चीक पाजला का, याचीही नोंद हवी.

सर्वांत जपायचा रकाना वळूचा. घरचा वळू त्याच्या पहिल्या कालवडी माजावर येण्याआधी बदलावा. आमच्याकडे हा रकाना काही वर्षे कोरा राहिला आणि बापच लेकीवर गेल्याचे आजोबांनी बोटांवर हिशेब मांडला तेव्हा कळले.

लसीकरणाला एक पान पुरते: लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्यापूर्वी. वैरणीसाठी मोठ्या जनावरामागे रोज पाच-सहा किलो कडबा धरला, तर वर्षाला सुमारे दोन टन होतो; गंज रचण्याआधीच हा आकडा काढावा, कारण उन्हाळ्यात कडबा विकत घेणे कोणालाच परवडत नाही.

खोंडाची किंमत लिहिताना त्या वर्षी बैलगाडा शर्यती चालू होत्या की बंद, हेही लिहावे. २०१४ च्या बंदीपासून डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळेपर्यंतचे भाव शर्यतीच्या काळातील भावांशी ताडून पाहिल्यास आपल्या रक्ताची पारख चुकीची ठरते.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, जनावरे धुवायला बाहेर काढलेलीच असतात. त्याच दिवशी वही हातात घेऊन प्रत्येक जनावर त्याच्या पानाशी पडताळावे.