गूढ टॅरो शिकायचंय? पहिली पुस्तकं अशी निवडा

टॅरो म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याची विद्या. साताऱ्यात तिचं पुस्तक मागितलं, की ज्योतिषाच्या कप्प्यातून, अंकशास्त्र आणि रत्नांच्या शेजारचं एखादं बारीकसं पुस्तक पुढे येतं. त्यात पत्त्यागणिक चार ओळींचं भाकीत असतं. हौसेपुरतं ते ठीक आहे. पण पत्त्यांमागची कब्बाला (ज्यूंची गूढविद्या), ग्रह-राशी आणि तत्त्वांची मांडणी शिकायची असेल, तर लगेच पैसे काढू नका.

आधी कॅट ठरवा, मग त्याच परंपरेचं पुस्तक घ्या. नवख्याने रायडर-वेट-स्मिथ हाच कॅट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या कॅटाची मांडणी ए. ई. वेट यांची; त्यात चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी मायनर अर्कानाच्या, म्हणजे पेले-तलवारी अशा चार चिन्हांच्या, अंकांच्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवले. जुन्या फ्रेंच मार्सेय कॅटात तिथे नुसते पेले आणि तलवारी दिसतात.

पुस्तक हातात आलं, की 'स्ट्रेंग्थ' या पत्त्याचं पान काढा. क्रमांक ८ असेल तर वेट यांचा क्रम, ११ असेल तर बहुधा मार्सेयचा.

आता 'फाइव्ह ऑफ कप्स' उघडा. काळा झगा पांघरलेला माणूस, समोर सांडलेले तीन पेले, पाठीमागे उभे असलेले दोन. लेखक 'दुःख, नुकसान' एवढं सांगून थांबला असेल, तर पुस्तक जागेवर ठेवा. पाच हा आकडा कब्बालाच्या जीवनवृक्षावरच्या, म्हणजे दहा स्थानांच्या आकृतीवरच्या, गेबुराचा, म्हणजे कठोर शक्तीचा. कप म्हणजे जलतत्त्व. शिवाय या पत्त्याला वृश्चिकेतला मंगळ दिलेला आहे. या तिन्हींची सांगड घालून चित्र उलगडणारा लेखक निवडा. ऑनलाइन मागवणार असाल, तर आतली पानं दाखवलेली असतात, तिथेच ही पारख करा.

ज्योतिष येणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळावं. गोल्डन डॉन या १८८८ मध्ये स्थापन झालेल्या, गूढविद्येच्या इंग्लिश मंडळाने राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग पत्त्यांना वाटले. ते आपल्या द्रेष्काणासारखे दिसतात, पण स्वामी वेगळे. वृश्चिकेचा दुसरा द्रेष्काण आपल्याकडे गुरूचा. तोच भाग मिळालेल्या 'सिक्स ऑफ कप्स'ला मात्र तिथे रवी. शिवाय पाश्चात्त्य ज्योतिषात राशी सहसा सायन, आपल्याकडे निरयन. दोन्हींची खिचडी करणारं पुस्तक सुरुवातीला नकोच.

इतिहासाचं प्रकरणही वाचून बघा. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळ म्हणून आला. टॅरो इजिप्तच्या पुरोहितांनी रचला ही कथा १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने मांडली, आणि हिब्रू अक्षरांशी जोड एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्याभ्यासकाने रुजवली. इजिप्तची कथा पुरावा म्हणून सांगणाऱ्याचं बाकीचं लिखाणही पारखूनच घ्यावं.

पुस्तकं बहुतेक इंग्रजीच आहेत. सुरुवात रॅचेल पोलॅक यांच्या 'सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विज्डम'ने करा; चित्र कसं बघायचं हे त्या फार मायेने शिकवतात. मग वेट यांचं 'पिक्टोरियल की टू द टॅरो'. वेट १९४२ मध्ये वारले आणि पुस्तकाचे हक्क संपले, त्यामुळे ते इंटरनेटवर मोफत मिळतं. वेट बरंच झाकून लिहितात, म्हणून ते दुसऱ्या क्रमांकावर. इंग्लिश गूढविद्यावादी ॲलिस्टर क्रॉली यांचं १९४४ चं 'बुक ऑफ थोथ' जीवनवृक्षाची दहा स्थानं तोंडपाठ झाल्यावर घ्या, आणि सोबत थोथचाच कॅट ठेवा. त्यातली चित्रं आणि कित्येक पत्त्यांची नावंही निराळी आहेत.