फुटबॉल कोचिंगचं लायसन्स निवडताना या चुका टाळा

नव्या कोचचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "सगळ्यात वरचं लायसन्स लवकरात लवकर कसं मिळेल?" तुझ्याकडे सध्या कुठला संघ आहे, मुलं किती वर्षांची आहेत, पुढच्या मोसमात त्यांच्याबरोबरच राहणार आहेस का, असं विचारलं की समोरचा गप्प होतो. कोर्स कोणता घ्यायचा हे मात्र याच उत्तरांवर ठरतं. तेच तेच घोळ पुन्हा पुन्हा पाहतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अक्षराला अक्षर जुळवून तुलना करणं

डी, सी, बी, ए, प्रो ही लायसन्सची खालून वर जाणारी अक्षरं जगभर दिसतात, त्यामुळे लोक ती सगळीकडे सारखीच धरून चालतात. ती सारखी नसतात. अमेरिकन फेडरेशनमध्ये, म्हणजे देशाच्या फुटबॉल संघटनेत, आधी ग्रासरूट्स (अगदी सुरुवातीचे) कोर्स असतात: चार विरुद्ध चार, सात विरुद्ध सात, नऊ विरुद्ध नऊ आणि अकरा विरुद्ध अकरा. डी लायसन्स त्यांच्यानंतर येतं. वर गेल्यावर 'ए'चेही दोन फाटे होतात, एक युवा खेळाडूंसाठी आणि एक सीनियर संघांसाठी. भारतात ई आणि डी या फेडरेशनच्या सुरुवातीच्या पायऱ्या, मग एएफसी या आशियाई फुटबॉल महासंघाचं सी. इंग्लंडमध्ये पूर्वीच्या 'लेव्हल 2'ची जागा आता यूएफा (युरोपची फुटबॉल संघटना) सी या कोर्सने घेतली आहे, तरी जुन्या बायोडेटांवर 'लेव्हल 2' दिसतंच. दोन देशांतली दोन डी लायसन्सं शेजारी ठेवून "आपण एकाच पातळीवर आहोत" असं म्हणण्यात काहीच तथ्य नाही.

मी आधी तास बघतो. यूएफाच्या नियमांत किमान तास ठरलेले आहेत: सी साठी 60, बी साठी 120, ए साठी 180 आणि प्रो साठी 360. मग बघतो की या तासांतले किती वर्गात जातात, किती मैदानावर आणि किती तुमच्या स्वतःच्या संघाबरोबर. इन्स्ट्रक्टर तुमच्या मैदानावर येऊन तुमच्याच मुलांचा सराव बघणार आहे का, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न आहे. सहभागी कोचच खेळाडू बनून एकमेकांचे सराव चालवतात, तिथे सगळं सुरळीत होतं, कारण खेळणाऱ्याला सराव कुठे न्यायचा आहे ते आधीच माहीत असतं. खरी मुलं तशी वागत नाहीत. माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. उत्तर मोघम आलं तर मी तो कोर्स बाजूला ठेवतो.

हातात संघ नसताना वरचा कोर्स घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण तिची किंमत मुलं मोजतात.

माझ्या ओळखीचा एक तरुण कोच नऊ वर्षांखालच्या मुलांना शिकवायचा. मुलांशी त्याचं छान जमायचं. सुरुवातीचा कोर्स झाल्या झाल्या त्याने पुढच्याचा अर्ज भरला, तो संपतो न संपतो तोच त्याच्या पुढच्याचा. मध्ये एक मोसम जाऊ दे, असं त्याला आम्ही बऱ्याच जणांनी सांगितलं. त्याचं म्हणणं, आत्ता सुट्टी आहे, उरकून टाकतो. वरच्या कोर्समध्ये सगळा विषय अकरा विरुद्ध अकराचा: चार बचावपटूंची रांग चेंडूच्या बाजूला कशी सरकते, चेंडू गमावल्यावर पहिल्या काही सेकंदांत दबाव कोण टाकतो, सामन्याचा व्हिडिओ बघून पुढच्या आठवड्याचा सराव कसा आखायचा. विषय उत्तम. पण त्याची मुलं सात-सातच्या सामन्यात खेळत होती आणि त्यातली निम्मी दुसऱ्या पायाने चेंडू थांबवायलाही कचरत होती.

महिन्याभरात त्याचा सराव बदलला. मुलं शंकूंपाशी रांगेत उभी, हा मध्ये चेंडू धरून 'अंतर राखा, अंतर राखा' ओरडतोय. पूर्वी तासभर पळून लालबुंद होणारी पोरं आता कंटाळून बूट चिखलात घासायची. दोघांनी येणंच बंद केलं. कोर्सच्या असेसमेंटसाठी अकराचा संघ हवा होता, तो त्याच्याकडे नव्हता, म्हणून त्याने दुसऱ्या क्लबचा सोळा वर्षांखालचा संघ एका संध्याकाळपुरता मागून घेतला. त्या खेळाडूंची नावं त्याला येत नव्हती. डावा बचावपटू वर जाऊन परत का येत नाही हे त्याला कळत नव्हतं, कारण त्याने त्याला आधी कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. इन्स्ट्रक्टरने विचारलं, "या संघाचा गेल्या सामन्यातला प्रश्न काय होता?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला पुन्हा यायला सांगितलं गेलं, आणि तोवर त्याच्या छोट्यांचा मोसम संपला होता.

तो हुशार होता आणि कोर्सही चांगला होता. फक्त तो कोर्स त्याच्या मैदानावरच्या मुलांसाठी नव्हता.

माझी सवय साधी आहे. कोणत्याही कोर्सचं पान उघडण्याआधी वहीत तीन ओळी लिहायच्या: माझ्या संघाचं वय, सामन्यात एका बाजूला किती खेळाडू, आणि गेल्या मोसमात मला काय शिकवता आलं नाही. तिसरी ओळ रिकामी राहिली तर मी त्या व्यक्तीला अर्जच भरू देत नाही. आधी मोसम पूर्ण करा. दोन कोर्सच्या मध्ये एक अख्खा मोसम हवा, यावर मी ठाम आहे. अनेक फेडरेशन दोन पातळ्यांमध्ये अनुभवाचा काळ सक्तीचा करतात. नवशिक्यांना तो अडथळा वाटतो, पण शिकलेलं हातात बसायला तेवढा वेळ लागतोच.

मान्यता न विचारता पैसे भरणं

'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट' हे शब्द कुणीही छापू शकतो. एका कोचने अशी जाडजूड फाइल जमवली होती: ऑनलाइन कोर्स, एका खासगी अकादमीचा डिप्लोमा, नामांकित क्लबच्या नावाने चालणारं शिबिर. क्लबने त्याला घ्यायचं ठरवलं आणि फेडरेशनच्या नोंदणीत त्याचं नाव शोधलं. तिथे नाव नव्हतं. त्या फाइलवर त्याला सामन्यात संघाच्या बाकावर कोच म्हणून बसता येईना आणि शेवटी त्याने पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.

फेडरेशनबाहेरचं शिक्षण वाईट असतं असं मुळीच नाही. अमेरिकेतली युनायटेड सॉकर कोचेस ही संघटना 1941 पासून आहे, 2017 पर्यंत तिचं नाव एनएससीएए होतं. तिच्या डिप्लोमांमधून शिकलेले चांगले कोच मला माहीत आहेत. पण तो डिप्लोमा वेगळा आणि अमेरिकन फेडरेशनचं लायसन्स वेगळं. शिकायला एक घ्या, नोकरीच्या अटीसाठी दुसरं लागेल, हे आधीच कळलेलं बरं.

देश बदलणार असाल तर आणखी जपून. यूएफाच्या करारातले देश एकमेकांची लायसन्सं मानतात. त्या कराराबाहेरचं 'ए' घेऊन युरोपात उतरलात म्हणून आपोआप यूएफा ए मिळत नाही, कागदपत्रं आणि अनुभव तपासून वेगळा निर्णय होतो. ज्या फेडरेशनखाली काम करायचंय तिला ईमेल करा: "हे लायसन्स या वयोगटाच्या या पदासाठी चालेल का?" लेखी उत्तर जपून ठेवा. कोर्स विकणाऱ्याने तोंडी दिलेल्या शब्दावर मी कधीच विसंबत नाही.

मोठ्यांची उदाहरणं देणं

"पिर्लोला कुठे आधी लायसन्स होतं?" हे ऐकून मी थकलो आहे. इटलीचा माजी खेळाडू आंद्रेआ पिर्लो ऑगस्ट 2020 मध्ये युवेंटस या इटालियन क्लबचा प्रशिक्षक झाला आणि त्याचं यूएफा प्रो सप्टेंबरमध्ये कोव्हर्चानो या इटलीच्या प्रशिक्षण केंद्रात पूर्ण झालं, हे खरं आहे. पण तो कोर्स तेव्हा संपत आला होता, आणि त्याच्या गाठीशी विश्वचषक जिंकलेल्या खेळाडूचा अनुभव होता. विल स्टिल हा तरुण कोच 2022 मध्ये रेम्स या फ्रेंच क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा त्याच्याकडे प्रो लायसन्स नव्हतं. त्यासाठी क्लबला दर सामन्याला 25,000 युरो दंड भरावा लागत होता. तुमचा क्लब तुमच्यासाठी असा दंड भरणार आहे का, ते विचारून बघा.

उरलेल्या चुका, थोडक्यात

गोलकीपिंग, फुटसाल (छोट्या मैदानावरचं पाच-पाच जणांचं फुटबॉल) किंवा फिटनेसचा कोर्स घेण्याआधी त्यासाठी डी, सी, बी या मूळ वाटेवरचं कोणतं लायसन्स लागतं ते बघा.

प्रथमोपचार आणि बालसुरक्षेची सर्टिफिकेटं अर्जाच्या दिवशी मुदतीत असली पाहिजेत. याच कारणाने परत आलेले अर्ज मी भरपूर पाहिले आहेत.

फीबरोबर प्रवास, राहणं आणि कामावरची रजा यांचाही हिशेब करा.

कोर्स कुठल्या भाषेत आहे ते विचारा. असेसमेंटमध्ये तुम्हाला मैदानावर बोलायचं आहे, नुसतं ऐकायचं नाही.

लॉगबुक, म्हणजे सरावांच्या नोंदींची वही, शेवटच्या रात्री भरू नका. इन्स्ट्रक्टरला ते पहिल्या पानावरच कळतं. सराव संपला की गाडीत बसण्याआधी मी तीन-चार ओळी लिहितो, जे फसलं ते सगळ्यात वर.

आणि लायसन्स कायमचं नसतं. यूएफाचं लायसन्स तीन वर्षं चालतं आणि तेवढ्या काळात किमान 15 तासांचं पुढचं प्रशिक्षण लागतं. तुमच्या फेडरेशनचा नियम कोर्स संपतो त्याच दिवशी विचारून घ्या आणि हे तास वर्षावर्षाला वाटून पूर्ण करा, कारण मुदतीच्या शेवटच्या महिन्यात सोयीचा कोर्स सापडेलच असं नाही.