क्रिटिकल क्लिअरिंग टाइम आधी वहीवर काढा, मग सॉफ्टवेअर उघडा

कोल्हापुरात फायनल इयरच्या पोरांना प्रोजेक्टला साखर कारखान्याचं कोजन (उसाच्या चिपाडावरची वीजनिर्मिती) मिळालं की काय करतात, तर थेट ईटॅप नाहीतर मायपॉवर ही पॉवर सिस्टिमची सॉफ्टवेअर उघडायची, थ्री फेज फॉल्ट (तिन्ही फेजचं शॉर्ट सर्किट) टाकायचा आणि येईल तो ग्राफ रिपोर्टात चिकटवायचा. भावांनो, आधी वही घ्या आणि क्रिटिकल क्लिअरिंग टाइम, म्हणजे फॉल्ट जास्तीत जास्त किती वेळात काढला तर मशीन ग्रिडशी जुळून राहतं, तो हातानं काढा.

समजा ३० एमव्हीएचं मशीन, गळीत हंगाम जोरात, ०.८ पर युनिट (३० एमव्हीएच्या ०.८ पट) पॉवर देतंय आणि दोन समांतर लाइनींवरून जास्तीत जास्त २ जाऊ शकते. म्हणजे रोटर अँगल (ग्रिडच्या तुलनेत रोटर किती पुढं आहे तो कोन) साइन इन्व्हर्स ०.४, साधारण २३.६ अंश. आता एका लाइनीवर बसबारच्या (लाइनी जिथं जोडतात त्या पट्टीच्या) तोंडाशीच फॉल्ट झाला, व्होल्टेज शून्य, पॉवर बाहेर जायची बंद पण टर्बाइनला वाफ चालूच, मग रोटर सुटतो पळत. ब्रेकर पडून ती लाइन गेली की उरलेली एकटी त्याला मागं खेचणार, पण आता मॅक्सिमम १.५च. पॉवर-अँगल ग्राफवर पळतानाचं क्षेत्रफळ आणि खेचायला उरलेलं क्षेत्रफळ सारखं धरा, क्रिटिकल अँगल (ज्याच्या आत फॉल्ट काढायलाच हवा तो) ७२ अंशाच्या आसपास येतो.

लै जण इथंच थांबतात. पण रिलेशी (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राशी) तुलना करायची तर अँगल नाही, वेळ पाहिजे. फॉल्टमध्ये आउटपुट शून्य असल्यानं तो हातानं निघतो: अँगलमधला फरक रेडियनमध्ये (०.८४४) गुणिले ४ एच (एच म्हणजे इनर्शिया कॉन्स्टंट, फिरत्या मशीनची साठलेली ऊर्जा भागिले एमव्हीए), त्याला ३१४ (५० हर्ट्झचा कोनीय वेग) गुणिले ०.८ नं भागा, मग वर्गमूळ. एच ३ सेकंद धरला तर ०.२० सेकंद. लाइन गेलीच नाही असं धरलं असतं तर ०.२३ आलं असतं, दिसायला बरं पण फसवं.

सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) प्लॅनिंग निकषात फॉल्ट काढायला २२० नि १३२ केव्हीला १६० मिलीसेकंद, ४०० केव्हीला १०० धरतात. म्हणजे आपलं मशीन पास, पण हातात ४० मिलीसेकंदच, तेही लाइनीची दोन्ही टोकं वेळेत उघडली तर. कॅरियर (दोन्ही टोकांच्या रिलेंमधला सिग्नल) बंद असेल तर पलीकडचं टोक झोन-२ वर (रिलेच्या उशिरा पडणाऱ्या पायरीवर) जातं, साधारण ०.३५ ते ०.५ सेकंद, ती केस वेगळी चालवाच.

आता सॉफ्टवेअर. ०.१९ आणि ०.२१ ला फॉल्ट काढून बघा, ग्रिडच्या तुलनेतला अँगल परत येतो का सुटतो. एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं यंत्र), डॅम्पिंगमुळं (झोके विरण्यामुळं) उत्तर थोडं हलणारच, पण ०.३६ च्या आसपास आलं तर बेस (पर युनिट आकडे ज्या एमव्हीएवर मोजले तो) तपासा: ३० एमव्हीएवरचा एच ३ हा १०० एमव्हीए बेसवर ०.९ होतो, आणि तिथं ३ तसाच टाकला की मशीन उगाच पैलवान दिसतं.