नॅशमधला ‘न’ कुठून आला? इंग्रजी आडनावांचा अर्थ लावताना या चुका टाळा

२२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर ज्याला गोळी घातली, तो रँड महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. पण रँड म्हणजे काय? जाणकार दोन वाटा दाखवतात. जुन्या इंग्रजीत ‘रँड’ म्हणजे कड, काठ. गावाच्या कडेला किंवा नदीकाठी घर असलेला तो रँड. दुसरी वाट माणसाच्या नावाची: रँडॉल्फचं आखूड, घरगुती रूप. प्लेगवाल्या साहेबाच्या घराण्याला यातली कुठली लागू पडते, हे नुसत्या आडनावाकडे बघून सांगता येत नाही. तरी लोक बेधडक सांगतात.

डोंगर, ओढे, झाडं यांवरून पडलेल्या इंग्रजी आडनावांत सगळ्यात जास्त फसगत होते ती आजचं इंग्रजी येत असल्यामुळे. ‘लेक’ आडनाव दिसलं की डोळ्यांपुढे तळं येतं. मीही असाच फसलो होतो. जुन्या इंग्रजीतला ‘लाकू’ म्हणजे वाहतं पाणी, ओहोळ; तळ्याचा ‘लेक’ फ्रेंचमधून मागाहून आला. ‘फील्ड’ म्हणजे बांध घातलेलं शेत नव्हे, मोकळा माळ. ‘डाउन’ म्हणजे खाली नाही, उलट टेकडी. ‘शॉ’ ही लहानशी राई आणि ‘क्लफ’ ही डोंगरातली घळ. ‘यीट्स’ किंवा ‘येट्स’मध्ये गेट दडलेलं आहे, हे तर ऐकून पटतही नाही. तेव्हा आजचा शब्दकोश बाजूला ठेवा. नाव पडलं तेव्हा त्या शब्दाला लोक काय समजत होते, ते बघा.

आता नॅश. या नावाचा अर्थ शोधणारे ‘न’पासून सुरू होणारा शब्द धुंडाळत बसतात आणि तो सापडत नाही, कारण तो ‘न’ या शब्दाचा नाहीच. मूळ झाड ॲश. (राखेशी त्याचा काही संबंध नाही.) त्या झाडापाशी राहणाऱ्याला चौदाव्या शतकातला कारकून ‘ॲटन ॲश’ असं लिही, म्हणजे ‘ॲशपाशी’. बोलताना ‘ॲट’ गळून गेलं आणि मागे राहिलेला ‘न’ झाडाला चिकटला. ओकचं तसंच नोक आणि नोक्स झालं, एल्मचं नेल्म्स. मराठी माणसाला यातली गंमत चटकन कळावी, कारण जुन्या इंग्रजीतही आपल्यासारखीच तीन लिंगं होती. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांपुढे ‘ॲटन’ यायचं, स्त्रीलिंगीपुढे ‘ॲटर’. पुढे लिंगं विस्कटली, तसे हे नियमही विस्कटले. पण ‘ॲटर’चा ‘र’ काही नावांत अडकून राहिला. ‘राय’ हे आडनाव बहुतेक वेळा राय नावाच्या धान्याचं नसतं, ‘बेटापाशी’ किंवा ‘पाण्यापाशी’ यातून आलेलं असतं. ससेक्समधलं राय हे गावही याच वाटेने नाव घेऊन बसलंय. उलटा प्रकारही घडतो. नारंगीचा ‘न’ युरोपात वाटेत कुठेतरी सांडला आणि तिची ऑरेंज झाली.

कधी ‘ॲट’ पूर्ण टिकतं. १९४७ साली ज्यांच्या सरकारने हिंदुस्थान सोडला त्या क्लेमंट ॲटलींचं आडनाव म्हणजे ‘ॲट’ अधिक ‘ली’: रानातल्या मोकळ्या जागेपाशी, कुरणापाशी राहणारे.

या ‘ली’वरून पुढची चूक सांगतो. ली या नावाच्या स्पेलिंगचे तीन-चार प्रकार आहेत. साध्या स्पेलिंगचे ते गरीब आणि शेवटी ‘जीएच’ लावणारे ते खानदानी, अशी कथा कुणी सांगितली तर हसून सोडून द्या. त्या काळी कारकून कानाला ऐकू येईल तसं लिही. शेक्सपिअरच्या टिकून राहिलेल्या सह्यासुद्धा एकसारख्या नाहीत. हीच गत ‘घराण्याच्या’ ढाल-चिन्हांची. इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाला मिळत नाही, ठरावीक व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं. १४८४ पासून हे काम बघणारं कॉलेज ऑफ आर्म्सही हेच सांगतं. पेल्यावर ‘हिल घराण्याचं चिन्ह’ छापून विकणारे फक्त पेला विकत असतात.

हिल घराणं असं काही नाहीच म्हणा. टेकडी काय एकाच गावाला असते? शेकडो गावांत शेकडो हिल झाले, एकमेकांशी नात्याचा पत्ता नाही. शिवाय काही हिल टेकडीचे नसून ‘हिल्ड’ने सुरू होणाऱ्या जुन्या नावांचे. काही ‘वुड’ जंगलातले नाहीत. ‘वुड’ म्हणजे पिसाट, असं टोपणनावही होतं. काही ‘मूर’ दलदलीचे, काही सावळ्या रंगाचे, तर काही आयर्लंडचे.

आपल्याला ‘-कर’ची सवय, म्हणून प्रत्येक आडनावामागे गाव शोधायचा मोह होतो. अंडरवुडसारख्या नावात दोन्ही शक्य आहे: रानाच्या पायथ्याशी राहणारा किंवा अंडरवुड गावचा. जुन्या कागदात ‘डी’ (म्हणजे ‘-चा’) असेल तर बहुधा गाव, ‘ॲट’ असेल तर जागा. पण फ्रेंच वळणाचे कारकून ‘डी ला हिल’ असंही लिहीत, तेव्हा ‘डी’ दिसला म्हणजे गाव मिळालं असं समजू नका.

मग अडलं तर करायचं काय? उलटं चाला. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या जुन्या कबरीवरचं नाव हातात असेल तर आधी त्या माणसाचं गाव शोधा, अर्थ नंतर. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून मिळते, चर्चच्या वह्या १५३८ पासून (सगळ्या टिकलेल्या नाहीत), आणि त्याच्या मागे १३७७, १३७९ व १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या. प्रदेश कळला की निम्मं काम होतं. ‘बेक’ (ओढा), ‘थ्वेट’ (झाडी तोडून मोकळी केलेली जमीन), ‘फेल’ (डोंगर) हे उत्तरेत वसलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या लोकांचे शब्द, ‘कूम’ (दरी) नैऋत्येकडचा, आणि क्लफ म्हटलं की यॉर्कशर-लँकशरचे डोंगर. मग नकाशा उघडा आणि त्या गावाला खरोखर घळ आहे का, ते बघा.

एक शेवटचा सापळा आपल्या मुंबईतलाच. सँडहर्स्ट रोड स्टेशनचं नाव फोडलं तर ‘वाळूची, झाडीची टेकडी’ असं छान निघतं. पण स्टेशनला ज्याचं नाव दिलं, त्या गव्हर्नरचं ते आडनाव नाही. ती बर्कशरमधल्या गावावरून घेतलेली पदवी. रँडवर गोळी झाडली गेली तेव्हा मुंबईच्या गादीवर बसलेल्या या लॉर्ड साहेबांचं आडनाव होतं मॅन्सफील्ड, आणि त्यातलं ‘फील्ड’ही शेत नव्हे, माळ.